अमेरिकेतल्या महामंदीतली सरकारी कामं आणि पोस्टातली चित्रं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठल्याही छोट्या अमेरिकन गावातल्या पोस्ट ऑफिसातल्या चित्राचा फोटो टाकला की ओळखीच्यांचे, मग त्यांच्या ओळखीच्यांचे तेच तेच प्रश्न येतात. प्रत्येकाला वेगळं टाइप करून हात दुखले म्हणून एकदाच सगळं लिहून टाकलंय. प्रश्न शक्यतो तुमच्याच शब्दांत ठेवलेत. पहिले चार-पाच वाचून ठेवा, म्हणजे पुढचे पटकन कळतील, नाहीतर सरळ तुमचा प्रश्न शोधा.

१. हे सगळं नक्की कधीचं आणि सरकारला एकदम असं काय सुचलं?

ऑक्टोबर १९२९ मधे न्यूयॉर्कचा शेअर बाजार पडला, पाठोपाठ बँका बुडायला लागल्या, कारखान्यांना टाळी लागली, आणि १९३३ उजाडेपर्यंत कामकरी माणसांमधे दर चौघांतला एक बेकार होता. शेतकऱ्यांचे हाल तर त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होते, मालाला भावच नव्हता. मार्च १९३३ मधे फ्रँकलिन रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी ज्या योजनांचा सपाटा लावला त्या सगळ्यांना मिळून न्यू डील म्हणतात. त्यातला आपल्या कामाचा भाग एवढाच, की बेकाराला घरबसल्या मदत द्यायची का काम देऊन मजुरी द्यायची. रूझवेल्टचा उजवा हात हॅरी हॉपकिन्स, मुळात समाजसेवेतला माणूस, त्याचं ठाम मत होतं की काम द्या, फुकटच्या पैशानं माणूस आतून खचतो. पुढचं सगळं, रस्ते, शाळा, धरणं आणि चित्रंसुद्धा, त्यातूनच आलंय.

२. डब्ल्यूपीए, पीडब्ल्यूए, सीसीसी, सीडब्ल्यूए... डोकं फिरतं. फरक काय?

तेव्हाच्या अमेरिकनांचंही फिरायचं, ते याला अल्फाबेट सूप, म्हणजे अक्षरांचं सूप, म्हणायचे.

सीसीसी (सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर) म्हणजे जंगलात काम करणारी तरुण पोरं. १९३३ ते १९४२. बिनलग्नाची, गरीब घरातली मुलं, कॅम्पमधे राहायचं, महिन्याला ३० डॉलर मिळायचे आणि त्यातले २५ परस्पर घरी जायचे. जवळपास ३० लाख पोरं यातून गेली आणि त्यांनी ३०० कोटींच्या आसपास झाडं लावली. आज आपण नॅशनल पार्कात जे दगडी कठडे, पायवाटा, शेकोटीच्या जागा बघतो त्यातलं पुष्कळ काम यांचं.

पीडब्ल्यूए (पब्लिक वर्क्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशन) म्हणजे मोठी कामं, कंत्राटदाराला देऊन. हॅरॉल्ड इकीज नावाचा अतिशय कडक आणि संशयी माणूस वर होता, एकेक डॉलर तपासून सोडायचा, त्यामुळे कामं टिकाऊ झाली पण सुरू व्हायला वेळ लागला.

सीडब्ल्यूए (सिव्हिल वर्क्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशन) फक्त १९३३-३४ चा हिवाळा काढायला होती. हॉपकिन्सनं दोन-तीन महिन्यांत ४० लाख लोकांना कामावर घेतलं आणि वसंत येताच सरकारनं ती बंद केली.

डब्ल्यूपीए (वर्क्स प्रोग्रेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन) सगळ्यात मोठी, १९३५ ते १९४३, हीपण हॉपकिन्सची. सरकार स्वतःच मजूर लावायचं, मधे कंत्राटदार नाही. एकूण ८५ लाख माणसं कधी ना कधी तिच्या पगारावर होती. १९३९ मधे तिचं लांब नाव थोडं बदललं, अक्षरं तीच राहिली, त्यामुळे फुटपाथवरच्या शिक्क्यावरून हे काम आधीचं की नंतरचं हे ओळखायला जाऊ नका, शिक्क्यात साल असेल तेच खरं.

३. म्हणजे ही आपली रोजगार हमीच झाली ना?

हा प्रश्न दर वेळी येतो आणि दर वेळी मला आजोळच्या पाझर तलावाची आठवण येते. साम्य भरपूर आहे. काम सार्वजनिक, मजुरी सरकारी, हजेरीपटावर नाव, आणि गावातल्या खात्यापित्या लोकांची टिंगलही तीच. आपल्याकडे 'रोहयोवर नुसती तंबाखू मळत बसतात' म्हणायचे, तिकडे डब्ल्यूपीए म्हणजे 'वी पोक अलाँग', रमतगमत चालू आहे आमचं, असं करून ठेवलं होतं. फावड्याला टेकून उभा असलेला मजूर हा त्या काळातल्या व्यंगचित्रांचा लाडका विषय.

पण एक फरक फार मोठा आहे. महाराष्ट्राची योजना १९७२ च्या दुष्काळात वाढली, वि. स. पागेंनी ती लावून धरली, १९७७ मधे कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, आणि त्या कायद्यानं काम मागणं हा हक्क झाला. डब्ल्यूपीएमधे हक्क वगैरे काही नव्हता. अमेरिकन संसद दर वर्षी जेवढे पैसे देईल तेवढ्यांनाच काम, आणि एकूण बेकारांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्यालाच ते मिळायचं. बाकीचे रांगेत. त्या बाबतीत आपण पुढे होतो हे बिनधास्त सांगा लोकांना. मात्र आपल्या रोहयोनं खडी फोडायला लावली, पाझर तलाव बांधले, नालाबंडिंग केलं, चित्रकाराला कामावर घेतलं नाही. ते यांनी केलं, बघा प्र. ६.

४. कुठल्या गावात काय बांधायचं हे वॉशिंग्टनमधून ठरायचं का?

नाही, आणि ही गोष्ट मला स्वतःला फार उशिरा कळली. डब्ल्यूपीएचं काम मागायचं गावानं, म्हणजे नगरपालिका, शाळेचं बोर्ड, काउंटी, कोणीतरी प्रस्ताव टाकायचा आणि सामानाचा, जागेचा, देखरेखीचा थोडा भार उचलायचा. मजुरी केंद्र सरकार देणार. १९३९ च्या कायद्यानं तर गावांचा वाटा साधारण एक चतुर्थांश असलाच पाहिजे असं झालं. त्यामुळे ज्या गावात जरा हुशार, धडपड्या मेयर होता तिथे पोहण्याचा तलाव पण दिसतो, शाळेची जिम पण दिसते, आणि शेजारच्या गावात नुसता एक कल्व्हर्ट, म्हणजे रस्त्याखालची मोरी. आपल्याकडे आमदार फंडाचं जसं असतं तसंच म्हणा.

५. असं बांधलं तरी काय काय? मोठी मोठी नावं सांगा.

मोठी नावं हवीत तर घ्या: न्यूयॉर्कचा लाग्वार्डिया विमानतळ, टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचा रिव्हर वॉक, राष्ट्राध्यक्ष सुट्टीला जातात ती कॅम्प डेव्हिडची जागा (ती मुळात सरकारी नोकरांच्या कुटुंबांसाठीचा कॅम्प म्हणून डब्ल्यूपीएनं बांधली), कोलोरॅडोतलं रेड रॉक्सचं उघडं नाट्यगृह सीसीसीच्या पोरांनी. एकट्या डब्ल्यूपीएचा हिशोब साडेसहा लाख मैल रस्ते, सव्वा लाख सार्वजनिक इमारती, ७५ हजारांच्या वर पूल, त्यात नवीन आणि दुरुस्त केलेलं दोन्ही आलं.

पण मला विचाराल तर खरी मजा बारीकसारीक कामांत आहे. डब्ल्यूपीएनं खेड्यापाड्यांत २० लाखांच्या वर संडास बांधले, हो संडास, बाहेरचे, लाकडी, खाली सिमेंटचा तळ. आपल्याकडच्या हागणदारीमुक्त गाव वगैरेच्या कितीतरी आधी. मग केंटकीच्या डोंगरात रस्ता नाही तिथे बायका घोड्यावर, खेचरावर बसून घरोघर पुस्तकं पोचवायच्या, महिन्याला २८ डॉलरवर, पिशवीत जुनी मासिकं आणि फाटकी पुस्तकं, ओढ्यातून वाट काढत. शिवणकामाच्या खोल्या होत्या, शाळेतल्या जेवणाच्या खानावळी होत्या.

आणि ऑरेगनमधलं टिंबरलाइन लॉज. माउंट हूडवर आहे, पोर्टलंडला कोणी नातेवाईक असेल तर नक्की जा. १९३७ मधे रूझवेल्टनं स्वतः जाऊन उद्घाटन केलं. पैसे कमी म्हणून आतल्या जिन्याचे खांब जुन्या टेलिफोनच्या खांबांतून कोरलेत, वरती घुबड, अस्वल, बीव्हर असले प्राणी. शेकोटीपुढची जाळी बर्फात टायरला बांधायच्या साखळ्यांची, शेकोटीत लाकडं ठेवायचा स्टँड रेल्वेच्या रुळाचा, आणि जमिनीवरच्या सतरंज्या सीसीसी कॅम्पच्या जुन्या गणवेशांच्या आणि ब्लँकेटच्या चिंध्यांच्या. आपल्या आजीची गोधडीच की! सुतार, लोहार, गवंडी, शिवणाऱ्या बायका आणि चित्रकार सगळे एकाच इमारतीवर, एकाच योजनेच्या पगारावर. मी तिथे त्या घुबडाच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ उभा होतो, ऐंशी-नव्वद वर्षांत लाखो लोकांनी तेच केल्यामुळे ते गुळगुळीत झालंय.

६. चित्रकारांना पगार?? लोक उपाशी असताना?

हेच तेव्हाही विचारलं होतं आणि हॉपकिन्सचं उत्तर साधारण असं होतं की अरे त्यांनापण इतरांसारखं पोट आहेच की. श्रीमंत लोकांनी चित्रं विकत घेणं बंद केल्यावर चित्रकार पण बेकारच ना.

सुरुवात एका पत्रानं झाली. मे १९३३ मधे जॉर्ज बिडल नावाच्या चित्रकारानं, जो रूझवेल्टचा शाळेतला ओळखीचा होता, त्याला लिहिलं की मेक्सिकोत सरकारनं चित्रकारांना प्लंबरच्या मजुरीवर सरकारी भिंती रंगवायला दिल्या, आपणही करू. डिसेंबर १९३३ मधे पहिला प्रयोग झाला, पीडब्ल्यूएपी (पब्लिक वर्क्स ऑफ आर्ट प्रोजेक्ट, वरच्या पीडब्ल्यूएपेक्षा वेगळा), जेमतेम सहा महिने चालला पण तेवढ्यात ३,७४९ कलाकारांनी १५,६६३ कामं करून दिली.

मग ऑगस्ट १९३५ मधे डब्ल्यूपीएच्या आत फेडरल आर्ट प्रोजेक्ट आला, प्रमुख होल्गर केहिल. नाटक, संगीत आणि लेखन यांचे तसेच वेगळे प्रोजेक्ट होते. चित्रकाराला न्यूयॉर्कमधे आठवड्याला साधारण २३ डॉलर आणि वर थोडे सेंट. आधी गरिबीचा दाखला काढायचा, मग कामावर. काही काळ तर न्यूयॉर्कमधे चित्रकारांना सकाळी ऑफिसात जाऊन हजेरी लावावी लागायची, आता रात्रभर जागून रंगवणाऱ्या माणसाला सकाळी आठला मस्टरवर सही करायला बोलावणं म्हणजे काय ते तुम्हीच समजा. पण मला यातलंच हे सगळ्यात आवडतं. चित्रकार हा रस्त्यावरच्या गड्यासारखाच एक कामगार, त्याचंही नाव पटावर, त्यालाही आठवड्याचा पगार, असं निदान आठ वर्षं एका सरकारनं मानलं.

७. आमच्या पोस्ट ऑफिसात मोठं जुनं चित्र आहे, खाली डब्ल्यूपीए म्हणून गाइडनं सांगितलं. बरोबर?

बहुतेक चूक. ही सगळ्यात जास्त होणारी गल्लत. पोस्टातली जवळजवळ सगळी चित्रं ट्रेझरी खात्याच्या 'सेक्शन'नं करून घेतलेली आहेत, म्हणजे अर्थखात्यातला एक छोटा विभाग, १९३४ ते १९४३, प्रमुख एडवर्ड ब्रूस. तेव्हा सरकारी इमारती ट्रेझरी बांधायचं, आणि इमारतीच्या खर्चातला साधारण एक टक्का कलेसाठी बाजूला काढायचा असा बेत होता.

फरक काय पडतो? सेक्शनला तुमच्या गरिबीशी देणंघेणं नव्हतं. स्पर्धा व्हायची, बिननावाची, चित्रावर सही नाही, परीक्षकांना माहीत नाही कोणाचं आहे. चांगलं वाटलं तर कंत्राट. पैसे हप्त्याहप्त्यानं, कच्चं स्केच मंजूर झालं की थोडे, मोठा आराखडा झाला की थोडे, भिंतीवर लागलं की उरलेले. छोट्या पोस्टाला साधारण सातशे डॉलर, त्यातच कॅनव्हास, रंग, प्रवास, चिकटवायचा खर्च. म्हणजे डब्ल्यूपीए म्हणजे रोजंदारी आणि सेक्शन म्हणजे टेंडर, असं लक्षात ठेवा. अशी ११०० च्या वर पोस्ट ऑफिसं सजली.

८. माझ्या गावच्या पोस्टात असं चित्र आहे का हे कसं ओळखू?

आधी बाहेरून इमारत बघा. विटांची, एकमजली, चारपाच पायऱ्या, वर गरुड. मग कोपऱ्यातला पायाचा दगड शोधा, त्यावर हेन्री मॉर्गेन्थाउ ज्युनिअर आणि जेम्स फार्ली ही नावं आणि १९३४ ते १९४० मधलं साल असेल तर तुम्ही बरोबर जागी आलात, पहिला अर्थमंत्री आणि दुसरा पोस्टमास्टर जनरल. आत गेल्यावर पोस्टमास्तरच्या केबिनच्या दाराच्या वर बघा, चित्र हमखास तिथेच असतं, दाराची चौकट चित्रात खालून घुसलेली, आणि बिचाऱ्या चित्रकारानं त्या चौकटीला वळसा घालून गाई-बैल बसवलेले. कधी चित्राच्या जागी लाकडात किंवा प्लास्टरमधे कोरलेलं असतं. नसलं तर पोस्टमास्तरला विचारा, कधी इमारत बदललेली असते आणि चित्र गावच्या लायब्ररीत गेलेलं असतं. फोटो विचारून काढा, तसे नाही म्हणत नाहीत.

९. हे भिंतीवरच रंगवलंय ना? अजिंठ्यासारखं फ्रेस्को?

दोन चुका एकत्र. पोस्टातलं बहुतेक काम तैलरंगात कॅनव्हासवर, चित्रकाराच्या स्टुडिओत केलेलं आणि मग आणून भिंतीला चिकटवलेलं, त्यामुळेच ते काढून दुसरीकडे नेता येतं (प्र. १७).

खरं फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग लावायचा, गिलावा वाळताना रंग आतच धरला जातो. एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा गवंडी सकाळी लावतो, चुकलं तर खरवडून परत. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉइट टॉवरमधलं बरंचसं असं आहे. आणि अजिंठा फ्रेस्को नाहीच, तिथे मातीच्या गिलाव्यावर पांढरा लेप देऊन वाळलेल्यावर रंगवलंय. शाळेत आपल्याला सर्रास फ्रेस्को सांगितलं, ते सोडून द्या.

१०. जॅक्सन पोलॉक आणि मार्क रॉथ्को सरकारी पगारावर होते हे खरं का?

खरं. दोघंही फेडरल आर्ट प्रोजेक्टवर होते, तसेच ली क्रॅसनर, अर्शिल गॉर्की, फिलिप गस्टन, अ‍ॅलिस नील. विलेम डी कूनिंगपण होता पण नागरिक नाही म्हणून त्याला सोडावं लागलं. भिंतीची चित्रं आणि घोडीवरची (ईझलवरची) चित्रं असे वेगळे विभाग होते, घोडीवाल्यांनी ठरलेल्या आठवड्यांनी एक चित्र आणून द्यायचं, घरी काय वाट्टेल ते रंगवा. पोलॉकनं तेव्हा अजून रंग शिंपडायला सुरुवात केली नव्हती. या मंडळींचे जगायचे दिवस यात निघाले एवढंच मी म्हणेन, लोक म्हणतात की सरकारनं मोठे चित्रकार घडवले, ते जरा जास्त होतं, कारण त्याच पटावर शेकडो साधारण चित्रकारही होते आणि त्यांची साधारण चित्रं मी डोळ्यांनी बघितलीत.

११. गावकऱ्यांना ही चित्रं आवडायची का?

कधी खूप, कधी अजिबात नाही. न्यूयॉर्कचा चित्रकार ज्या गावात एक रात्र राहिला नाही त्या गावचं चित्र काढणार म्हटल्यावर भांडणं व्हायचीच. नांगराचा फाळ चुकला, घोड्याचे पाय चुकले, आमच्याकडे हे पीकच येत नाही, अशी पत्रं पोस्टमास्तरांकडून वॉशिंग्टनला जायची. शेतकऱ्याच्या नजरेला बैल दाखवायचा म्हणजे काय ते आपल्याकडच्या पोळ्याला विचारा.

आयडाहोमधल्या केलॉग या खाणींच्या गावासाठी फ्लेचर मार्टिननं जखमी खाणकामगाराला स्ट्रेचरवरून बाहेर आणतायत असं चित्र योजलं होतं. जबरदस्त चित्र. गावच्या बड्या मंडळींना ते चालेना, शेवटी खाणीचा शोध कसा लागला याचं निरुपद्रवी चित्र लागलं. साउथ कॅरोलिनातल्या एकन गावी कोर्टात स्टेफान हिर्शनं १९३८ मधे न्यायदेवता काढली, तिचा रंग जरा सावळा दिसला तर गोऱ्या मंडळींनी ती मिश्र वंशाची दिसते म्हणून ओरड केली आणि न्यायाधीशानं तिच्यावर पडदाच सोडला. न्यायदेवतेवर! ओक्लाहोमातल्या वाटोंगात उलटी गंमत, तिथे चेयेन या मूळनिवासी जमातीच्या प्रमुखानं तक्रार केली की आमचा माणूस नावाहो जमातीतल्यासारखा काढलाय. त्याच राज्यात अनाडार्कोच्या पोस्टात मात्र स्टीफन मोपोपी आणि त्याच्या साथीदारांनी, म्हणजे खुद्द कायोवा जमातीच्या चित्रकारांनी, आपल्याच लोकांची १६ चित्रं केलीत, ती बघितल्यावर फरक लगेच कळतो.

१२. कॉइट टॉवरमधे म्हणे कम्युनिस्ट चित्रं होती?

थोडीशी. टॉवर १९३३ चा, आतली चित्रं १९३४ मधे पीडब्ल्यूएपीच्या पैशातून, पंचवीसेक चित्रकार. त्यातल्या एका चित्रात, बर्नार्ड झाखाइमच्या लायब्ररीच्या, एक माणूस शेल्फवरून मार्क्सचं पुस्तक काढतोय, आणि क्लिफर्ड वाइटनं तर एका जागी हातोडा-विळाच काढला होता. त्याच उन्हाळ्यात बंदरातल्या कामगारांचा मोठा संप पेटला, मग पेपरवाल्यांना काय, आयतंच. उद्घाटन पुढे गेलं, वाइटचा तो भाग पुसला गेला आणि ऑक्टोबरमधे टॉवर उघडला. मार्क्स अजून शेल्फवर आहे. तळमजल्यावरची चित्रं लिफ्टचं तिकीट न काढता बघता येतात, बे एरियावाले तुम्हाला काही सबबच नाही.

तिथून चालत जाण्याच्या अंतरावर रिंकन अ‍ॅनेक्स नावाचं जुनं पोस्ट आहे, तिथे अँटन रेफ्रेजिएरची कॅलिफोर्नियाच्या इतिहासाची २७ चित्रं आहेत. काम १९४१ मधे मिळालं, युद्धानं थांबलं, १९४८ ला पुरं झालं. त्यात चिनी लोकांवरचे हल्ले, संप वगैरे स्पष्ट दाखवलंय, म्हणून १९५३ मधे चित्रं काढून टाका असा ठराव संसदेत आला, सुनावणी झाली, आणि चित्रं वाचली. मला ही कॉइटपेक्षा जास्त आवडतात.

१३. काळ्या लोकांना आणि बायकांना काम मिळायचं का, का सगळं गोऱ्या पुरुषांनाच?

मिळायचं पण समान नाही. सीसीसीचे कॅम्प १९३५ पासून वेगवेगळे, काळ्यांचे वेगळे. दक्षिणेत मजुरीचे दरच कमी. डब्ल्यूपीएत एका घरात एकालाच काम आणि तो घरातला कर्ता पाहिजे, म्हणजे नवरा असला की बाईचा नंबर लागणं अवघडच, लागला तर बहुतेक शिवणाच्या खोलीत.

तरी हार्लेममधे जे झालं ते वेगळंच. शिल्पकार ऑगस्टा सॅव्हेज हार्लेम कम्युनिटी आर्ट सेंटरची पहिली प्रमुख झाली, १९३७ मधे ते उघडलं. जेकब लॉरेन्सला तिनं हाताला धरून प्रोजेक्टच्या ऑफिसात नेलं, ते म्हणाले अजून २१ पूर्ण नाहीत, तर वर्षानं तिनं आठवण ठेवून परत नेलं, आणि तो पटावर लागला. तो स्वतः मोठेपणी सांगायचा हे. चार्ल्स आल्स्टननं हार्लेम हॉस्पिटलसाठी चित्रं योजली तर हॉस्पिटलचा अधीक्षक म्हणे यात काळी माणसं फार आहेत. हार्लेममधे! कलाकारांनी गोंधळ घातला आणि चित्रं लागली, आजही तिथे आहेत.

१४. सॅन फ्रान्सिस्कोत शाळेतली अशी चित्रं पुसून टाकली असं वाचलं, खरं आहे?

पुसली नाहीत. जॉर्ज वॉशिंग्टन हायस्कूलमधे व्हिक्टर आर्नाटॉफनं १९३६ मधे वॉशिंग्टनच्या आयुष्यावर १३ फ्रेस्को केली, त्यात त्याच्या मळ्यावरचे गुलाम आहेत आणि मेलेला मूळनिवासी आहे. आर्नाटॉफ स्वतः डावा, त्याला दाखवायचं होतं की हा देश कशावर उभा राहिला, पाठ्यपुस्तकात नव्हतं ते. पण रोज त्या प्रेतावरून वर्गात जाणाऱ्या आदिवासी आणि काळ्या मुलांना त्रास होतो, असं बऱ्याच पालकांचं म्हणणं. जून २०१९ मधे बोर्डानं रंग फासायचं ठरवलं, ऑगस्टमधे बदलून झाकायचं ठरवलं, माजी विद्यार्थी कोर्टात गेले, २०२१ मधे निकाल त्यांच्या बाजूनं लागला आणि २०२२ मधे बोर्डानं ठराव मागे घेतला. माझं मत विचारता म्हणून सांगतो, चित्र राहावं, पण त्या पोरांनी तक्रार केली ती मूर्खपणाची होती असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

१५. गोल्डन गेट, एम्पायर स्टेट, हूव्हर धरण, माउंट रशमोर... हे पण यातलंच ना?

नाही. एम्पायर स्टेट खाजगी. गोल्डन गेट स्थानिक लोकांनी काढलेल्या रोख्यांवर. माउंट रशमोर १९२७ पासूनचं, सरकारी पैसा भरपूर, पण डब्ल्यूपीएचा नाही. हूव्हर धरण १९३१ ला सुरू झालं, रूझवेल्ट येण्याआधी, शेवटी शेवटी पीडब्ल्यूएचा पैसा लागला, त्यामुळे अर्धं हो म्हणा. डिएगो रिव्हेराची रॉकफेलर सेंटर आणि डेट्रॉइटची कामं खाजगी पैशातली. कॉइट टॉवरची इमारतसुद्धा एका बाईंच्या मृत्युपत्रातल्या पैशातून झालेली आहे, फक्त आतली चित्रं सरकारी, ही परीक्षेत विचारण्यासारखी गोष्ट आहे. आणि तो गालाशी हात नेऊन बसलेल्या आईचा प्रसिद्ध फोटो, डोरोथिया लँगचा, १९३६ चा, तो सरकारीच पण आर्ट प्रोजेक्टचा नाही, शेतकरी पुनर्वसनाच्या खात्याचा.

१६. गराज सेलमधे मागे डब्ल्यूपीएचं लेबल असलेलं चित्र ४० डॉलरला मिळालं. लॉटरी लागली का?

अभिनंदन आणि सांत्वन दोन्ही. आर्ट प्रोजेक्टची चित्रं शाळांना, हॉस्पिटलांना, लायब्रऱ्यांना दिली होती ती वापरायला, मालकी केंद्र सरकारची. आजही जीएसए नावाचं खातं ती मालकी सांगतं आणि लिलावात चित्र दिसलं की परत मागतं, तुम्ही चांगल्या मनानं पैसे देऊन घेतलंत तरी. अपवाद छापचित्रांचा, काही प्रती कलाकाराला स्वतःकडे ठेवता यायच्या, त्यामुळे खाजगी हातात असलेलं प्रत्येक छापचित्र ढापलेलं नसतं. आणि नुसतं त्या काळातलं, त्या चित्रकाराचं आहे म्हणून ते प्रोजेक्टचं होत नाही, बरेच जण स्वतःसाठीही रंगवायचे. लेबल असेल तर विकायला काढण्याआधी त्या खात्याला फोटो पाठवा, नंतरची कटकट वाचेल.

१७. आमचं जुनं पोस्ट विकतायत. चित्राचं काय होणार?

चित्र पोस्ट खात्याचंच राहतं, इमारत विकली तरी, आणि नवीन मालकाबरोबर करार होतो. ब्रॉन्क्सच्या मोठ्या पोस्टात बेन शान आणि बर्नार्डा ब्रायसन यांची १३ चित्रं आहेत, ती इमारत २०१४ मधे विकली गेली, पण आधीच्याच वर्षी आतल्या हॉलला शहरानं वारसा म्हणून संरक्षण दिलं होतं. कागदावर चित्र सुरक्षित असतं, प्रत्यक्षात ते सामान्य माणसाला बघायला मिळेल का हा वेगळा प्रश्न, कारण खाजगी हॉल कुलूपबंद असू शकतो. म्हणून विक्रीच्या सुनावणीलाच जाऊन बोला.

१८. मग एवढी हजारो चित्रं गेली कुठे?

१९४३ मधे युद्धाच्या कामामुळे बेकारी संपली आणि डब्ल्यूपीए गुंडाळली. चित्रांचं कोणाला पडलं नव्हतं. न्यूयॉर्कमधे गोदामातले कॅनव्हास ढिगानं, वजनावर, भंगारवाल्याला विकले गेले. पाइपांना गुंडाळायला म्हणून कॅनव्हास घेतला, पण पाइप तापले की तैलरंगाचा वास सुटायचा, अशी गोष्ट सांगतात. मग एका जुन्या वस्तूंच्या दुकानात ते आले आणि चित्रकार धावत जाऊन आपलीच चित्रं दोन-चार डॉलरला परत घेऊन आले.

भिंतीवरच्यांचं नशीब वेगळं. नूअर्क विमानतळावर गॉर्कीची दहा होती, १९७० च्या दशकात पांढऱ्या रंगाच्या थरांखाली दोन सापडली, बाकी गेली. लाग्वार्डियाच्या मरीन एअर टर्मिनलमधे जेम्स ब्रुक्सनं विमानउड्डाणाचं भलंमोठं गोल चित्र १९४२ मधे पुरं केलं, १९५० च्या दशकात त्यावर रंग मारला आणि १९८० मधे परत उघडं केलं. आता आहे, टर्मिनल ए मधे, उशीर झालेल्या फ्लाइटचा सदुपयोग.

१९. एवढं करून मंदी संपली का?

नाही संपली. १९४० मधेसुद्धा जवळपास १५ टक्के लोक बेकार होते, संपवली ती युद्धाच्या कारखान्यांनी. विरोधक तेवढंच सांगतात, समर्थक फक्त पूल मोजतात. मधली दहा वर्षं लोकांनी जगायचं कसं, हा प्रश्न विरोधकांना विचारून बघा.

२०. आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो, लहान मुलं आहेत, एका दिवसात जवळ काय बघता येईल?

रूझवेल्ट नावाचं चिमुकलं गाव, हाइट्सटाउनच्या पुढे, शनिवारी सकाळचा ड्राइव्ह. १९३६-३७ मधे सरकारनं न्यूयॉर्कच्या ज्यू शिंप्यांसाठी वसवलं, तेव्हा नाव जर्सी होमस्टेड्स, शेत आणि कपड्यांचा कारखाना दोन्ही सहकारी तत्त्वावर. सहकार फार टिकला नाही, सपाट छपरांची घरं टिकली. गावाच्या शाळेत बेन शानचं मोठं फ्रेस्को आहे, डावीकडे बोटीतून उतरलेले निर्वासित, त्यांच्यात आइन्स्टाइन, मग कोंदट शिवणखोल्या, संघटना, आणि उजवीकडे टेबलाशी बसून गावाचा नकाशा आखणारी माणसं. शान स्वतः नंतर याच गावात राहायला आला. आमच्या धाकटीनं आइन्स्टाइनला केसांवरून ओळखलं आणि मग सगळी बॅगावाली माणसं बघून विचारलं की आपली आजी कुठेय यात. ती चालू शाळा आहे, त्यामुळे फोन करून विचारल्याशिवाय जाऊ नका, आणि गावात हॉटेल वगैरे शोधत बसू नका, डबा घेऊन जा.